उत्क्रांती : विद्यार्थ्यांना वारंवार पडणारे प्रश्न

नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून आणि पालकांकडूनही जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत. काही उत्तरे दोन ओळींत संपतात, काहींना आकडेमोड लागते. कागद-पेन्सिल जवळ ठेवावी.

उत्क्रांती म्हणजे नेमके काय?

एखाद्या समूहातील आनुवंशिक गुणांचे प्रमाण पिढ्यांगणिक बदलत जाणे, म्हणजे उत्क्रांती. या वाक्यातले तीन शब्द सोडून चालत नाहीत: समूह, आनुवंशिक आणि पिढ्या. दुष्काळात गुरे रोडावली किंवा उन्हात कातडी रापली, ही उत्क्रांती नव्हे. तिथे जनुके होती तशीच असतात.

गावाच्या शिरगणतीचे उदाहरण घ्या. गावातला कोणीही माणूस वयाने लहान होत नाही, तरी गावाचे सरासरी वय कमी होऊ शकते. जुनी माणसे जातात, नवी मुले जन्माला येतात आणि सरासरी सरकते. उत्क्रांतीत असेच होते. एकेक प्राणी जन्मला तसाच मरतो, समूहाची बेरीज मात्र बदलते. विद्यार्थ्यांच्या निम्म्याअधिक शंका हा फरक निसटल्यामुळे उभ्या राहतात.

एकाच जनुकाची वेगवेगळी रूपे असतात, त्यांना अ‍ॅलील म्हणतात. शिरगणती करायची ती या अ‍ॅलीलांची.

आईबापांनी कमावलेला गुण मुलांत उतरतो का?

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळांचे कान टोचतात. तरी आजवर एकही मूल कानाला भोके घेऊन जन्मलेले नाही. सोनाराची गरज प्रत्येक पिढीला नव्याने पडते.

जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन यांनी हाच मुद्दा प्रयोगाने तपासला. पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या त्यांनी सलग पाच पिढ्या कापल्या. जन्मलेली ९०१ पिल्ले सगळी अखंड शेपटीची निघाली. शरीराला झालेली इजा किंवा कमावलेले स्नायू बीजपेशींतल्या जनुकांचा मजकूर बदलत नाहीत. कमावलेले गुण संततीत उतरतात, हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लॅमार्क यांचा १८०९ मधला विचार इथे चुकला. पण सजीवांच्या जाती कायम एकसारख्या राहत नाहीत, हे त्यांनी डार्विनच्या पन्नास वर्षे आधी ठामपणे मांडले होते. उत्तरपत्रिकेत त्यांची निव्वळ टिंगल करून थांबू नये.

मग नवा गुण येतो कुठून? गरज पडली की येतो का?

नवा गुण येतो उत्परिवर्तनातून, म्हणजे डीएनएची प्रत काढताना होणाऱ्या चुकांतून. प्रत्येक माणसाच्या जनुकसंचात आईवडिलांत नसलेले साधारण ६० ते ७० बदल असतात. बहुतेकांचा काहीच परिणाम होत नाही, काही अपायकारक ठरतात, क्वचित एखादा उपयोगी पडतो. गरज असो वा नसो, चुका होतच राहतात.

हे सिद्ध कसे झाले? १९४३ मध्ये साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी अनेक वेगवेगळ्या नळ्यांत थोडेथोडे जिवाणू घालून ते वाढू दिले. त्यानंतर प्रत्येक नळीतले जिवाणू जिवाणूभक्षी विषाणू लावलेल्या ताटलीवर पसरले. विषाणूची गाठ पडल्यावर प्रतिकार निर्माण होत असता, तर सगळ्या ताटल्यांवर तगलेल्या वसाहतींची संख्या जवळपास सारखी दिसली असती. प्रत्यक्षात बऱ्याच ताटल्या रिकाम्या किंवा जेमतेम वसाहतींच्या होत्या आणि एखाद्या ताटलीवर मात्र वसाहतींचा खच पडला होता. त्या नळीत उत्परिवर्तन फार लवकर, विषाणू दिसण्याच्या कितीतरी पिढ्या आधी झाले होते आणि त्याची संतती वाढत गेली होती. संकट आले तेव्हा प्रतिकारक जिवाणू आधीपासूनच हजर होते.

म्हणून ‘पाने मिळावीत यासाठी जिराफाने मान लांब केली’ असे वाक्य लिहू नका. ‘ज्यांची मान लांब होती त्यांची पिल्ले जास्त जगली’ असे लिहा. ‘यासाठी’ आणि ‘म्हणून’ या दोन शब्दांनी उत्क्रांतीची जितकी उत्तरे बिघडतात, तितकी दुसऱ्या कशाने बिघडत नसतील.

नैसर्गिक निवड घडायला काय काय लागते?

तीन गोष्टी लागतात. समूहातल्या प्राण्यांत फरक हवा, तो फरक आनुवंशिक हवा, आणि त्या फरकामुळे मागे राहणाऱ्या संततीच्या संख्येत तफावत पडायला हवी. तिन्ही जुळल्या की निवड होणारच, तिला कोणी ‘करावे’ लागत नाही. एक जरी नसली तरी होत नाही. सगळे बटाटे एकाच कंदापासून वाढवलेले असतील, तर करपा आला की सगळेच जातात. फरकच नाही, तर निवडणार काय?

आपल्या जवळचे, डोळ्यांदेखत घडलेले उदाहरण आहे का?

आहे, आणि ते विदर्भ-मराठवाड्यातल्या कुठल्याही कापूस उत्पादक घरात माहीत आहे: गुलाबी बोंडअळी.

बीटी कपाशीत एका मातीतल्या जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाडात तयार होणारे प्रथिन अळीच्या आतड्याच्या पेशींना चिकटते, पेशींना छिद्रे पडतात आणि अळी मरते. भारतात २००२ मध्ये क्राय-१-एसी हे एकच जनुक असलेल्या वाणांना परवानगी मिळाली. २००६ पासून क्राय-२-एबी हे दुसरे जनुकही असलेले, शेतकरी ज्याला बीजी-२ म्हणतात ते बियाणे आले. २०१० मध्ये गुजरातेत पहिल्या प्रथिनाला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी आढळल्याचे जाहीर झाले. पाचेक वर्षांत ती दोन्ही प्रथिने पचवू लागली आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात कपाशीची मोठी हानी झाली.

अळ्या ‘सवयीने’ विष पचवायला शिकल्या का? नाही. प्रथिन आतड्यात ज्या रेणूला चिकटते, त्या कॅडहेरिनच्या जनुकात काही अळ्यांमध्ये बिघाड होता. कुलूपच बदललेले, त्यामुळे किल्ली लागेना. दुसऱ्या प्रथिनाच्या बाबतीत एबीसीए-२ या जनुकातले बिघाड आढळले. एरवी अशा बिघाडाचा अळीला काही लाभ नव्हता. बीटीच्या शेतात मात्र तोच जीव वाचवणारा ठरला. ज्या वाचल्या त्यांचीच अंडी, आणि बोंडांच्या हंगामात साधारण महिनाभरात एक पिढी.

त्यात भर पडली ती फरदडीची. मुख्य वेचणी झाल्यावर पाणी देऊन कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली की अळीला बोंडे मिळत राहतात आणि त्याच हंगामात आणखी पिढ्या निघतात. जितक्या जास्त पिढ्या, तितके निवडीचे फेरे जास्त. शिवाय ही अळी हिरव्या बोंडअळीसारखी तूर-हरभऱ्यावर जात नाही, आपल्याकडे ती जवळपास कपाशीवरच जगते. त्यामुळे बीटीचा मार तिला चुकवता येत नाही आणि निवडीचा दाब पूर्ण पडतो. डिसेंबरअखेर शेत रिकामे करून पऱ्हाट्या नष्ट करा, हा सल्ला कीडशास्त्राइतकाच उत्क्रांतिशास्त्राचाही आहे.

बियाण्याच्या पिशवीसोबत ‘रेफ्युजी’चे पाकीट कशासाठी देत होते?

नियम असा होता: बीटीच्या शेताभोवती किमान ५ ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी बिगरबीटी कपाशी लावायची. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅमचे बिगरबीटी पाकीट त्यासाठीच होते. अळीला जाणूनबुजून खाऊ घालायचे, हे ऐकायला विचित्र वाटते. पण आकडे मांडून पाहा.

प्रतिकार देणारे अ‍ॅलील ‘र’ अप्रभावी आहे आणि समूहात त्याचे प्रमाण हजारात एक आहे, असे धरा. प्रत्येक अळीत जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली. १० लाख अळ्यांत:

दोन्ही प्रती साध्या असलेल्या ९,९८,००१
एक प्रत ‘र’ असलेल्या १,९९८
दोन्ही प्रती ‘र’ असलेली १

बीटी खाऊन जगते ती फक्त शेवटची एक. एक प्रत असलेल्या १,९९८ अळ्याही मरतात, कारण अप्रभावी गुण एका प्रतीने दिसत नाही. आता सगळीकडे बीटीच असेल, तर वाचलेल्या पतंगाला जोडीदार मिळेल तो दुसरीकडून वाचलेलाच. त्यांची सगळी पिल्ले दोन्ही प्रतींची, म्हणजे पूर्ण प्रतिकारक. शेजारी रेफ्युजीत साधे पतंग शेकड्यांनी तयार होत असतील, तर जोडी बहुधा त्यांच्यापैकीच एकाशी जमेल. पिल्ले एका प्रतीची होतील आणि बीटी खाऊन मरतील.

हे फसले कुठे? रेफ्युजीच्या ओळींतले बोंड किडते, उत्पन्न बुडते. म्हणून अनेकांनी ते पाकीट बांधावरच टाकून दिले. लावले तरी ते बीटीच्या बरोबरीने फुलायला हवे. मागेपुढे फुलले तर दोन्हीकडचे पतंग एका वेळी बाहेर पडत नाहीत आणि हिशेब कोलमडतो. शिवाय प्रतिकार पुरता अप्रभावी नसेल, एका प्रतीवरही काही अळ्या तगत असतील, तर रेफ्युजी असूनही ‘र’ वेगाने पसरते. पुढे नियम बदलून ५ टक्के बिगरबीटी बी पिशवीतच मिसळून देण्याची पद्धत आली. त्यात पाकीट फेकण्याचा प्रश्न मिटतो, पण अळी एका झाडावरून शेजारच्या झाडावर जाऊ शकली तर बीटीची अपुरी मात्रा खाऊन वाचण्याची शक्यता उरते. गुलाबी अळी बोंडाच्या आत शिरून राहते, त्यामुळे तिच्याबाबत हा धोका इतर बोंडअळ्यांपेक्षा कमी.

क्षयरोगावर एकदम तीन-चार औषधे का देतात?

हिशेब वरच्यासारखाच. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जिवाणू उत्परिवर्तनाने साधारण १० लाखांत एक निघतो, रिफॅम्पिसिनला न जुमानणारा सुमारे १० कोटींत एक. फुप्फुसातल्या पोकळीत कोट्यवधी जिवाणू असतात. म्हणजे एकच औषध दिले तर त्याला दाद न देणारे काही जण आधीच तिथे बसलेले असतात. दोन्ही बदल योगायोगाने एकाच जिवाणूत असण्याची शक्यता मात्र या दोहोंचा गुणाकार, म्हणजे १ वर १४ शून्ये इतक्यांत एक. तेवढे जिवाणू शरीरात नसतात. सहा महिन्यांचा उपचार मध्येच सोडला किंवा त्यातली एखादीच गोळी घेतली, तर हा गुणाकार मोडतो.

नैसर्गिक निवड म्हणजे ‘बळी तो कान पिळी’च ना?

नाही. इथे बळाचा संबंध असेलच असे नाही. जीवशास्त्रात लायक कोण, तर ज्याची संतती पुढच्या पिढीत जास्त. दांडगा पण निपुत्रिक सांड या हिशेबात शून्य. ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हा शब्दप्रयोगही मुळात डार्विनचा नाही, तो हर्बर्ट स्पेन्सर यांचा. डार्विनने नंतर उचलला.

आणि लायकी कायमची नसते. गॅलापगोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी १९७३ पासून दशकानुदशके फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या. उरल्या त्या आपल्याकडच्या सराट्याच्या भाऊबंदांतल्या एका वनस्पतीच्या टणक, काटेरी फळांतल्या. जाड चोचीचे पक्षी तगले आणि सरासरी चोच सुमारे अर्ध्या मिलिमीटरने जाड झाली. १९८३ मध्ये अतिवृष्टी झाली, बारीक बियांचा सुकाळ झाला, आणि पुढच्या काही वर्षांत निवड उलट्या दिशेने, बारीक चोचींकडे वळली. म्हणजे ‘प्रगती’ असे काही नाही. त्या-त्या वर्षी बाजारात कुठले नाणे चालते, एवढाच प्रश्न.

सिकलसेलसारखे घातक जनुक निवडीत नाहीसे का होत नाही?

कारण त्याची एक प्रत फायद्याची ठरते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसले की सिकल हिमोग्लोबिन बनते. डीएनएतल्या एका अक्षराचा फरक. या अ‍ॅलीलला एस आणि साध्याला ए म्हणू. एसच्या दोन प्रती (एसएस) असतील तर सिकलसेल हा रक्ताचा आजार, एक प्रत (एएस) असेल तर सहसा त्रास नाही आणि जीवघेण्या मलेरियापासून बरेचसे संरक्षण. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथेच हे अ‍ॅलील जास्त आढळते. आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतचा आदिवासी पट्टा आणि विदर्भ.

समतोल किती टक्क्यांवर येईल, हेही काढता येते. समजा मलेरियामुळे साध्या (एए) व्यक्तींची संतती एएसच्या तुलनेत १० टक्क्यांनी घटते आणि एसएस व्यक्ती उपचाराविना संततीपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणजे एएचा तोटा ०.१ आणि एसएसचा १. तर एस अ‍ॅलीलचे प्रमाण ०.१ भागिले (०.१ + १), म्हणजे सुमारे ०.०९ वर स्थिरावते. म्हणजे दर सहा माणसांत एक वाहक. मलेरिया हटला की हा फायदा जातो, पण अ‍ॅलील लगेच जात नाही. त्याला अनेक पिढ्या लागतात, कारण बहुतेक प्रती निरोगी वाहकांत दडलेल्या असतात.

हार्डी-वाइनबर्गची गणिते सोडवताना चूक कुठे होते?

१९०८ मध्ये हार्डी आणि वाइनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेला नियम सांगतो: निवड, उत्परिवर्तन, स्थलांतर नसेल, समूह मोठा असेल आणि जोड्या यदृच्छया जुळत असतील, तर अ‍ॅलीलांचे प्रमाण बदलत नाही. दोन अ‍ॅलीलांचे प्रमाण पी आणि क्यू मानले, तर पी² + २पीक्यू + क्यू² = १.

उदाहरण: १,००० नवजात बालकांत १० एसएस आहेत. इथे क्यू² = ०.०१, म्हणून क्यू = ०.१ आणि पी = ०.९. वाहक २ × ०.९ × ०.१ = ०.१८, म्हणजे १८० बालके. उरलेली ८१० एए.

पहिली नेहमीची चूक म्हणजे ०.०१ लाच क्यू मानणे. रुग्णांची टक्केवारी हा वर्ग आहे, आधी वर्गमूळ काढा. दुसरी, २पीक्यू मधला २ विसरणे. एस आईकडून आले की वडिलांकडून, असे दोन मार्ग आहेत, म्हणून तो २. तिसरी चूक जरा खोल आहे: मोजणी प्रौढांची केली, तर काही एसएस व्यक्ती आधीच दगावलेल्या असतात आणि क्यू कमी येतो. म्हणून उदाहरणात नवजात बालके घेतली. प्रत्यक्ष तपासणीत वाहक असे गणिताने शोधत नाहीत. रक्ताच्या प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीत एएस आणि एसएस यांतला फरक कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार विजेच्या मदतीने वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम चाचणी करावी लागते.

नवी जाती कशी तयार होते?

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. आपल्या पाठ्यपुस्तकांत कुलाखाली प्रजाती आणि प्रजातीखाली जाती येते. हिंदीत ‘प्रजाति’ म्हणजे आपली ‘जाती’. वर्तमानपत्रे हिंदीवरून ‘नवीन प्रजाती सापडली’ असे छापतात, तेव्हा बहुतेक वेळा जातीच सापडलेली असते.

नवी जाती बनण्याचा सर्वसाधारण मार्ग असा: एका समूहाचे दोन भाग होतात, मध्ये डोंगर, नदी किंवा न मानवणारा अधिवास येतो, जनुकांची ये-जा थांबते. दोन्हीकडे वेगळी उत्परिवर्तने साचतात आणि वेगळी निवड होते. पुढे भेट झाली तरी जोड्या जुळत नाहीत किंवा संतती तगत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या सड्यांवर आणि माळांवर दिसणारा, गळ्याखाली पंखा उघडून डोलणारा सरडा हे चांगले उदाहरण आहे. हे सगळे सरडे पूर्वी एकाच जातीत मोडत. २०१६ मध्ये शरीररचना आणि डीएनए तपासून त्यांतल्या काहींसाठी वेगळी प्रजाती मांडली गेली. तिचे शास्त्रीय नावच आपल्या ‘सरडा’ या शब्दावरून ठेवले आहे आणि तिच्यातली एक जाती डार्विनच्या नावाची आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर सरडा सुपर्बा ही जाती राहते, तिच्या नराच्या पंख्यावर निळा, काळा आणि नारिंगी रंग असतो. माद्या नर निवडतात तो हाच पंखा पाहून. त्यामुळे पंखा वेगळा झाला की जोडी जमण्याची शक्यताही घटते.

याच पठारावर २०१८ मध्ये आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध झाले: पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी कमी, सरडे जास्त, आणि ते सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देतात. ही उत्क्रांती का? एवढ्यावरून म्हणता येत नाही. भीती चेपणे हे एका जन्मातही घडते. दोन्हीकडची अंडी एकसारख्या परिस्थितीत उबवून पिल्लांत तो फरक टिकला, तरच तो आनुवंशिक म्हणायचा.

माणूस माकडापासून झाला, तर माकडे अजून कशी आहेत?

तुमचे चुलत भाऊ आहेत म्हणून तुम्ही नाहीसे झालात का? दोघांचे आजोबा एक, एवढाच अर्थ. माणूस आणि चिंपांझी यांचा समाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तो आजचा चिंपांझी नव्हता. आपल्या देवळांवर उड्या मारणारी माकडे त्याहून दूरचे नातलग, त्यांची आपली फाटाफूट सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीची.

नात्याचा एक सुरेख पुरावा गुणसूत्रांत आहे. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, माणसात २३. एक जोडी कुठे गेली? माणसाचे दुसरे गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रे टोकाला टोक जुळून बनले आहे. गुणसूत्रांच्या टोकांवरच असायला हवा तसा डीएनएचा क्रम या गुणसूत्राच्या मध्यभागी सापडतो, आणि बंद पडलेल्या दुसऱ्या गुणसूत्रबिंदूच्या खुणाही. जिना घसरून पडल्यावर आपण ज्याला ‘माकडहाड’ दुखले म्हणतो, त्या शेपटीच्या अवशेषांगाला मराठीने नाव तर नेमके दिले आहे.

दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह असा क्रम आहे. ही उत्क्रांतीच ना?

साम्य वरवरचे आहे. उत्क्रांती ही शिडी नसून फांद्या फुटणारे झाड आहे. डुक्कर कासवापासून झालेले नाही. दोघांचा समाईक पूर्वज सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी होता आणि तो या दोघांसारखा दिसत नव्हता. श्रद्धेची गोष्ट तिच्या जागी ठेवावी, परीक्षेत पुरावा म्हणून लिहू नये.

सह्याद्रीच्या दगडात डायनासोरचे जीवाश्म का सापडत नाहीत?

कारण तो लाव्हा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतले गेले, त्यात सापडलेले जीव जळून जातात. जीवाश्म बनायला गाळ लागतो. म्हणून शोधायचे ते लाव्ह्याच्या खालच्या किंवा दोन थरांच्या मधल्या गाळात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे अशाच गाळात डायनासोरची अश्मीभूत विष्ठा मिळते. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण ओळखले गेले आणि डायनासोरांच्या काळात गवत नव्हते, ही समजूत बदलावी लागली.

डायनासोरचे वय कार्बन-१४ ने काढतात का?

नाही, आणि ही चूक फार होते. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे. दहा अर्धायुकालांनी, म्हणजे ५७,३०० वर्षांनी मूळ कार्बन-१४ चा १,०२४ वा भाग उरतो. त्यापलीकडे मोजायला काही राहत नाही. कोट्यवधी वर्षांसाठी जीवाश्माच्या वरखालच्या ज्वालामुखीय थरांतले युरेनियम-शिसे किंवा पोटॅशियम-अर्गॉन यांचे गुणोत्तर मोजतात.

उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात, मग प्रयोग कसा करणार?

पिढी लहान असेल तर लागत नाहीत. रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या १२ चंबूंपासून सुरुवात केली. रोज ०.१ मिलिलिटर द्रव ९.९ मिलिलिटर ताज्या द्रावणात घालायचा. शंभरपट वाढ व्हायला जिवाणूंना दिवसाला सुमारे ६.६ पिढ्या लागतात. दर ५०० पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवायचे, म्हणजे पूर्वजांना केव्हाही जागे करून वंशजांशी त्यांची तुलना करता येते. ३०,००० हून जास्त पिढ्यांनंतर बारांपैकी एका चंबूतले जिवाणू प्राणवायू असतानाही द्रावणातल्या सायट्रेट या पदार्थावर जगू लागले. ई. कोलायला हे एरवी जमत नाही. गोठवलेल्या नमुन्यांपासून पुन्हा सुरुवात केली, तेव्हा हा गुण उशिराच्या पिढ्यांतूनच पुन्हा उमटला. आधीचे काही बदल साचलेले असणे त्यासाठी गरजेचे होते.

निवडीशिवायही उत्क्रांती होते म्हणतात. वर्गात दाखवता येईल का?

होते. निव्वळ योगायोगाने प्रमाण बदलते, त्याला जनुकीय विचलन म्हणतात. लहान समूहात ते फार जोरात चालते. एका तासिकेत करण्यासारखा प्रयोग असा:

प्रत्येक गटाला एक कापडी पिशवी, १० लाल आणि १० पांढरे मणी. पिशवीत ५ लाल, ५ पांढरे टाका. न बघता एक मणी काढा, रंग लिहा, परत टाका, पिशवी हलवा. असे १० वेळा. समजा ७ लाल, ३ पांढरे आले. आता पिशवीत ७ लाल आणि ३ पांढरे ठेवा. ही दुसरी पिढी. एकच रंग उरेपर्यंत चालू ठेवा. गणिताने सरासरी सुमारे १४ पिढ्या येतात, पण एखादा गट पाच-सहा पिढ्यांतच संपतो आणि एखादा तिशीपर्यंत रखडतो. कुठल्या गटात लाल जिंकेल, हे आधी सांगता येत नाही. फळ्यावर सगळ्या गटांचे आलेख एकत्र काढले की तेच दिसते.

मण्यांऐवजी राजमा आणि चवळी वापरू नका. आकार वेगळा असल्याने बोटांना दाणा कळतो आणि विचलनाऐवजी नकळत निवड होते. दुसरी नेहमीची गडबड म्हणजे मणी परत न टाकणे. तसे केले तर दहाही मणी एकेक करून बाहेर येतात, दर पिढीला ५ आणि ५ च भरतात, आणि ‘प्रयोग चुकला’ अशी तक्रार येते.